कैफियतीचा तास

डॉक्टर हाश्मींच्या शोकसभेत माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो, माइकपर्यंत गेलो, कशीबशी दोन वाक्यं बोललो आणि परत येऊन बसलो. आयुष्यभर वर्गात बोलून पोट भरलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे कळत होतं. माझ्या आधी बोललेल्यांनी हाश्मींच्या निदानाच्या गोष्टी सांगितल्या. नुसत्या चालण्यावरून त्यांनी आजार कसा ओळखला, कुणाच्या नखांकडे बघून हृदयाबद्दल काय सांगितलं. ते सगळं खरंच होतं. पण हाश्मींनी हौसेनं सुरू केलेल्या आणि निवृत्तीपर्यंत जपलेल्या एका तासाबद्दल कुणीच काही बोललं नाही. तो तास मी घेत असे. त्यामुळे ते सांगणं माझ्याच वाट्याचं होतं आणि तेच राहून गेलं. आता सावकाश लिहितो आहे.

मी शहरातल्या एका कला महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. हाश्मी एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधवैद्यकाच्या, म्हणजे मेडिसिनच्या, विभागाचे प्रमुख होते. त्या महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक चूक सांगायची आहे आणि ती संस्थेची नव्हती. आमची ओळख ग्रंथालयात झाली. जुन्या मराठी शब्दकोशाचा एक खंड मला हवा होता आणि तो कायम बाहेर गेलेला असे. ग्रंथपालांनी एकदा बोट दाखवलं, तर खिडकीपाशी पांढरा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवून एक गृहस्थ तो खंड कादंबरी वाचावी तसा वाचत बसले होते.

हाश्मींचं मराठी फार नेटकं होतं, कारण ते त्यांनी कष्टानं मिळवलेलं होतं. लहानपणी ते उर्दू शाळेत होते. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी संपली, पुढे शाळांचं माध्यम बदललं आणि वडिलांनी त्यांना मराठी शाळेत घातलं. ते म्हणायचे, "उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी वर्गात पहिला होतो. सुट्टी संपली आणि मी अडाणी झालो. डोकं तेच होतं, सर. फक्त समोरच्याची भाषा बदलली होती." हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नसत. त्यांना त्यातून एक सिद्धान्त सापडला होता. रुग्णाचंही असंच होतं, असं ते म्हणत. माणूस आपल्या घरी शहाणा असतो, शेतात शहाणा असतो, दुकानात तर आपल्याला विकून खाईल इतका शहाणा असतो. डॉक्टरांच्या टेबलासमोर बसला की तो अडाणी होतो.

"आमच्या पोरांना मराठी येतं," ते मला म्हणाले, "ऐकता येत नाही. तुम्ही या."

मी विचारलं, शिकवायचं काय? ते म्हणाले, तुम्ही तुमच्या पोरांना जे शिकवता तेच. एका माणसानं एक वाक्य असंच का म्हटलं, तसं का नाही म्हटलं, एवढंच.

अशा रीतीनं दर गुरुवारी अकरा वाजता मी सायकलवरून तिकडे जाऊ लागलो. वेळापत्रकात या तासाला काहीतरी भारदस्त नाव होतं. हाश्मी मात्र त्याला कैफियतीचा तास म्हणत. वैद्यकात रुग्णाला प्रश्न विचारून त्याच्या दुखण्याची हकीकत लिहून घ्यायची असते. त्याला सगळे हिस्टरी घेणं म्हणतात. हाश्मींना तो शब्द आवडत नसे. "घेतात ती जबानी, आणि ती पोलीस घेतात," ते मुलांना सांगत. "आपण कैफियत ऐकायची." मुलांनी त्याचं लगेच 'कैफ' करून टाकलं. गुरुवारी जिन्यावर मला ऐकू येईल अशा बेतानं कुणीतरी विचारी, "काय, आज कैफ करायचा ना?"

बाहेरच्या वाचकाला हे काम थोडं समजावून सांगायला हवं. केसपेपरवर पहिली ओळ रुग्णाच्या तक्रारीची असते आणि ती त्याच्याच शब्दांत लिहावी असा वैद्यकाचा नियम आहे. हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. बाई म्हणते, "पोटात कालवल्यावानी व्हतंय," आणि कागदावर उतरतं, पोटदुखी. म्हणून आम्ही एक रीत पाडली. तास सुरू झाला की कुणीतरी एकानं त्या दिवशी वॉर्डात ऐकलेलं एक वाक्य फळ्यावर लिहायचं. जसंच्या तसं लिहायचं, त्यात सुधारणा करायची नाही आणि अर्थही सांगायचा नाही. मग त्या वाक्यावर बोलायचं. उरलेल्या वेळात मी एखादी गोष्ट वाचून दाखवी. कधी हाश्मी उर्दूतलं काही वाचत आणि अडलेल्या शब्दापाशी थांबून त्याचा मराठी अर्थ मुलांकडून काढून घेत. ते स्वतः शेवटच्या बाकावर बसत. विभागप्रमुख मागे बसलेला म्हटल्यावर मुलं सुरुवातीला ताठ बसायची. पण एकदा ते तिथं चक्क घोरले आणि वर्गाची भीती गेली.

दुखण्याच्या शब्दांवर आम्ही कित्येक आठवडे घालवले. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. जखम चुरचुरते, गळू ठुसठुसतं, काटा सलतो. हातपाय मोडून येतात आणि अंग कसकसतं. डोळ्यांत खुपतं आणि छातीत धस्स होतं. खुलताबादकडचा पेरूचा बागवान म्हातारा म्हणाला होता, "पोटात कुणी मुसळ फिरवतंय, पण हळू फिरवतंय, कुटत नाय." त्या एका 'कुटत नाय'वर वर्गात अर्धा तास वाद झाला आणि शेवटी हाश्मींनी मागून सांगितलं की त्या दोन शब्दांत निम्मं निदान आहे. मुलांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं, ते माझ्या स्वतःच्या वर्गात व्याकरण शिकवताना मला कधी बघायला मिळालं नाही.

शल्यविभागाचे एक डॉक्टर मला जिन्यात भेटले की "काय कविराज, आज कोणता काढा?" असं विचारत. मी उभ्या आयुष्यात कविता लिहिलेली नाही. पण त्यांना मराठीचा मास्तर म्हणजे कवीच वाटे. पुढे त्यांच्याच एका विद्यार्थ्यानं आमच्या वर्गाला एक अजरामर चूक दिली. तो नागपूरकडचा, हुशार मुलगा. वॉर्डातल्या एका बाईंची हकीकत त्यानं लिहिली होती. भूक मंदावली आहे, झोप नाही, आणि वजन झपाट्यानं उतरलं आहे. वजन उतरल्याचा पुरावा काय, तर बाई म्हणाल्या, "दिवाळीनंतर माझ्या बांगड्या वाढल्या." त्यानं ताडलं, हात वाळले म्हणून बांगड्या मोठ्या व्हायला लागल्या. क्षयापासून कर्करोगापर्यंत सगळ्या तपासण्या त्यानं मांडून ठेवल्या होत्या.

वाक्य फळ्यावर आलं आणि मी मुलांना विचारलं, दुकान बंद करताना दुकानदार काय म्हणतो? दुकान वाढवतो. देवापुढे नारळ फोडतात त्याला काय म्हणतात? वाढवणं. हातातली बांगडी फुटली तर घरातली म्हातारी फुटली म्हणू देते का? फुटणं, विझणं, संपणं हे शब्द तोंडाला लावायचे नाहीत म्हणून आपण त्यांना वाढवत नेतो. मागून हाश्मी म्हणाले, "आमच्यातही तसंच. दुकान बढ़ाते, चिराग बढ़ाते. आणि चूड्या ठंडी करते." त्या नागपूरच्या मुलाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बाईंचा नवरा दिवाळीनंतर वारला होता आणि हे तिनं डॉक्टरांना सरळ सांगितलं होतं. बाईंना आजार होताच, तपासण्याही लागल्याच. पण संध्याकाळी तो मुलगा पुन्हा तिच्या खाटेपाशी गेला आणि या वेळी कागद न घेता बसला, एवढं मला कळलं.

एकदा हर्सूलच्या तुरुंगातून एका कैद्याला पोटाच्या दुखण्यासाठी आणलं होतं. बरोबरचा हवालदार चहाला गेला की त्याचं दुखणं एक असे, आणि परत आला की दुसरं. एका विद्यार्थिनीनं हे त्याला नीट, गोडीत विचारलं. तो म्हणाला, "ताई, जबानी दिली तवा कुणी ऐकली नाय. आता पोटाचं एवढं काय ऐकता?" हे वाक्य फळ्यावर आलं, त्या दिवशी मला गोष्ट वाचायची गरज पडली नाही.

हाश्मी निवृत्त झाले आणि दोन वर्षांत तो तास वेळापत्रकातून नाहीसा झाला. कुणी बंद केला नाही. खोली दुसऱ्या कामाला लागली, मग वार बदलला, मग परीक्षा आल्या. आता वैद्यकाच्या अभ्यासक्रमातच डॉक्टरांनी कसं बोलावं याचा भाग आला आहे असं ऐकतो. चांगलं आहे. मला त्या खोलीतला खडूचा वास, बाकांखाली गुंडाळून ठेवलेले पांढरे कोट आणि मागच्या बाकावरचं ते अधूनमधूनचं घोरणं आठवतं.

पण ज्या गुरुवारबद्दल मला शोकसभेत बोलायचं होतं, तो वेगळा. त्यातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत. ज्या मुलीची ही गोष्ट आहे, तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, लिहा सर, पण मला शहाणी करू नका.

तिला मेधा म्हणतो. ती पुण्यात वाढलेली आणि त्या वर्षी इंटर्न होती, म्हणजे परीक्षा पास होऊन वॉर्डात राबण्याच्या वर्षात. शब्द जपून वापरायची. तिच्या वर्गातला अनीस हा खुलताबादचा. दर्ग्याच्या वाटेवर त्याच्या वडिलांचं छोटं दुकान होतं. तो कायम हाश्मींच्या शेजारी मागे बसायचा आणि परीक्षा संपून गेल्या तरी दर तासाला मला एकदा तरी विचारायचा, "सर, हे परीक्षेत नाही ना?" नाही म्हटलं की खूश होऊन ऐकायचा.

त्या गुरुवारच्या आधीच्या महिन्यात आम्ही मृत्यूची बातमी कशी सांगावी यावर बोललो होतो. मुलं सर्रास 'पेशंट एक्स्पायर झाला' म्हणत. मी म्हटलं, हा शब्द इथून पुढे वर्ज्य. अनीस म्हणाला, "बरोबर आहे सर, एक्स्पायर औषधं होतात." मग प्रत्येकानं आपापल्या घरचा शब्द सांगितला. गेले, वारले, देवाघरी गेले, खपले, सरले, इंतकाल झाला, गुजर गए. मेधा त्या दिवशी काही बोलली नव्हती.

पुरुषांच्या वॉर्डात तेव्हा वैजापूरकडच्या एका खेड्यातले कांदा पिकवणारे गृहस्थ होते. त्यांना दगडूबा म्हणू. ताप मेंदूत गेला होता आणि तीन दिवस ते भ्रमात ओरडत होते. ओरडत काय होते, तर कांद्याचा लिलाव. आयुष्यभर बाजार समितीत उभे राहिलेले, तेच डोक्यात घोळत होतं. "बोला, पुढं बोला, माल बघून बोला," असं रात्रंदिवस चाललेलं. पहिल्या दिवशी वॉर्डातले बाकीचे रुग्ण हसले. दुसऱ्या दिवसापासून कुणी हसेना. बायकांना त्या वॉर्डात एरवी थांबू देत नसत, म्हणून त्यांची बायको, कांताबाई, बाहेरच्या व्हरांड्यात खिडकीखाली बसून असे. नवरा दिसत नसला तरी आवाज ऐकू येई. दीर गावाकडे मुलाला आणायला गेला होता आणि ती एकटीच होती. तीन दिवस तिनं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, असं सिस्टर सांगत.

त्या गुरुवारी मेधा तासाला उशिरा आली. चेहरा उतरलेला, पण शांत. त्या दिवशीचं वाक्य मी देते, म्हणाली. थोड्या वेळापूर्वी दगडूबा वारले होते. वरिष्ठ डॉक्टर दुसऱ्या रुग्णापाशी अडकले होते, म्हणून बातमी सांगायचं तिच्यावर आलं होतं. पहिल्यांदाच. आत सिस्टर नळ्या काढत होत्या, म्हणून कांताबाईंना थोड्या वेळानं आत या म्हणून सांगितलं, आणि ती इकडे आली होती. बातमी ऐकून कांताबाई जे म्हणाल्या ते तिनं फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं:

'बरं झालं बाई. देवच पावला. तीन रात्री नुसता जीव टांगणीला व्हता.'

मला ते वाक्य फार मोठं वाटलं. शोक आणि सुटका एका श्वासात, आणि कुठे एक शब्द जास्त नाही. मी तसं बोललोही. लोकांना मृत्यू कसा आपल्यापेक्षा जास्त कळलेला असतो, या अंगानं मी बराच पुढे गेलो असतो. अनीसनं हात वर केला.

"सर, एक मिनिट. मेधा, तू त्यांना काय सांगितलंस? शब्द सांग. नेमका."

मेधा म्हणाली, "काका शांत झाले, म्हटलं."

तिच्या घरी माणूस गेला की हाच शब्द होता. आजोबा शांत झाले, आत्या शांत झाल्या. पुस्तकी मराठीत, चार जुन्या घरांत तो आहेच. मलाही तो परका वाटला नाही. अनीस मात्र उभा राहिला होता.

"अगं, तीन दिवस तो माणूस ओरडत होता. ती खिडकीखाली बसून ऐकत होती. ओरडणं थांबलं, आणि तू जाऊन सांगितलंस, शांत झाले." तो एकदम दखनीत आला. "उनको लगा नींद लगी रे."

मेधाच्या हातातला खडू तसाच राहिला. ती फळ्यावरचं स्वतःचं अक्षर वाचत होती. बरं झालं बाई. देवच पावला. मीही वाचत होतो. त्या वाक्यात आता काहीच मोठं नव्हतं. नवऱ्याला डोळा लागला म्हणून एका बाईला बरं वाटलं होतं, एवढंच होतं. आणि ती अजून त्याच समजुतीत बाहेर बसलेली होती.

हाश्मी मागच्या बाकावरून उठले. मला वाटलं, आता ते स्वतः जातील. पण ते मेधापाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "चला. तुम्ही सांगितलं होतं, तुम्हीच सांगायचं. मी बरोबर आहे." ते विद्यार्थ्यांना अहो-जाहो करत. मी वॉर्डाकडे सहसा जात नसे, तो माझा प्रांत नव्हता. त्या दिवशी मात्र मी त्यांच्या मागे गेलो. अनीसही आला.

व्हरांड्यात कांताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात फडकं उघडलेलं होतं. गावाहून कुणाबरोबर तरी आलेल्या भाकरी, त्यावर मिरचीचा ठेचा. निम्मी भाकर संपलेली होती. तीन दिवसांनी पोटात अन्न गेल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जी सुस्ती येते, ती त्यांच्या चेहऱ्यावर होती. मेधाला बघून त्या सरकल्या, जागा केली आणि आवाज अगदी हलका करून म्हणाल्या, "ये बाई. हळू बोल, उठतील. घे, भाकर घे. तू बी उपाशीच असशील."

त्यांनी चतकोर भाकर मोडून तिच्या हातात दिली. मेधानं ती घेतली. नको म्हणणं तिला जमलं नाही. ती तिथंच जमिनीवर बसली.

"मावशी," ती म्हणाली, "काका गेले."

"कुठं?" कांताबाई म्हणाल्या. "उठाया येईना की त्यांना. फोटू काढाया नेलं व्हय?"

मराठीच्या मास्तरानं आयुष्यात एवढी शरम क्वचित अनुभवली असेल. गेले हा शब्द आपल्याला किती पुरेसा वाटतो. पण रुग्णालयात माणसं दिवसभर कुठे ना कुठे जातच असतात. एक्स-रेला जातात, ड्रेसिंगला जातात. मेधानं एकदा वर पाहिलं. हाश्मींच्याकडे, मग माझ्याकडे. माझ्यापाशी तिला द्यायला तिसरा शब्द नव्हता असं नाही, पण तो दुसऱ्यानं पुरवून चालणार नव्हता.

"मावशी, काका वारले," ती म्हणाली. "मेले ते. आता नाहीत."

कांताबाई रडल्या नाहीत. त्यांनी आधी मेधाच्या तोंडाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. आतून आवाज येत नव्हता. मग त्यांची नजर खाली आली, आणि समोरच्या फडक्यावर थांबली. त्यांच्या मनात काय आलं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. घरात माणूस गेलेलं असताना, त्याला उचलेपर्यंत, आपल्याकडे चूल पेटत नाही. शेजारीसुद्धा घास घेत नाहीत.

"कवा?" त्या म्हणाल्या.

मेधानं हातातल्या चतकोराकडे पाहिलं.

"कवा, बाई? मी जेवले ना गं. तू म्हणली शांत झाले, म्हणून मी भाकर काढली. तीन दिसांत नाय काढली, अन् आज काढली. ते आत तसे, अन् मी हितं बसून ठेचा खाल्ला?" आवाज चढला नव्हता. त्या खरोखर विचारत होत्या. "कवा गेले ते सांग मला."

दगडूबा किती वाजता गेले ते मेधाला ठाऊक होतं. तिनंच नाडी पाहिली होती, तिनंच वेळ लिहिली होती. ती वर्गात यायच्या आधीच ते गेले होते, हे हाश्मींनाही ठाऊक होतं. वेळेच्या बाबतीत हाश्मी फार कडक होते. केसपेपरवर पाच मिनिटांची चूक झाली तर ते साऱ्या वॉर्डासमोर फैलावर घेत. वैद्यकात अंदाजे असं काही नसतं, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि गेला महिनाभर मी या मुलांना एकच सांगत होतो, की शब्द मऊ असो वा कठीण, समोरच्याला खरं कळलं पाहिजे.

"आत्ता," मेधा म्हणाली.

"आत्ता?"

"व्हय मावशी, आत्ताच." तिच्या तोंडून तो 'व्हय' मी पहिल्यांदा ऐकला. "मी मघाशी सांगितलं तेव्हा त्यांना झोप लागली होती. तीन दिवसांनी लागली. झोपेतच गेले. तुम्ही जेवलात तेव्हा ते होते."

कांताबाईंनी बराच वेळ तिचा चेहरा वाचला. अक्षर न येणारी माणसं चेहरा फार बारकाईनं वाचतात. काय वाचलं ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी फडक्याची गाठ बांधली, ते बाजूला सारलं आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या. हाश्मी कोट सावरून त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. मुलगा किती मोठा आहे, गाव वैजापूरपासून किती आत आहे, दीर कधी निघाला, असं हळूहळू विचारत राहिले. मेधा उठून आत गेली, कांताबाईंना न्यायच्या आधी सगळं नीट आहे ना बघायला. चतकोर भाकर तिच्या हातातच होती.

जिन्यावर अनीस मला हलक्या आवाजात म्हणाला, "सर, ती स्वतः वाचली यात. तिची पहिली चूकच पुसली गेली." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आणि मावशीपण वाचल्या." मी म्हटलं, हो. मेधा ते कुणासाठी बोलली हे मी त्या वेळी ठरवू शकलो नाही, आणि गेल्या महिन्यात फोनवर विचारलं तेव्हा तीही म्हणाली की तिला अजून ठरवता आलेलं नाही.

थोड्या वेळानं हाश्मी आले. आम्ही दोघं जिना उतरू लागलो. मधल्या वळणावर ते थांबले.

"हे तुम्ही शिकवलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मीही नाही."

ते कठड्याला हात टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता ते त्या मुलीला बोलावून घेतील. वेळेबद्दल, खरेपणाबद्दल त्यांना जे नेहमी म्हणायचं असे, ते म्हणतील. खाली ओपीडीतून त्यांच्या नावानं कुणीतरी हाक मारत होतं. ते त्या बाजूला गेले नाहीत. पुन्हा वर वळले.

"सिस्टरशी बोलून घेतो," ते म्हणाले. "आत गेल्यावर बाई तिला विचारील, आणि ती खरी वेळ सांगून बसेल."